हुकूम सोडणाऱ्यांवर हसणारे सिनेमे

'तेरे बिन लादेन' 16 जुलै 2010 ला लागला, तेव्हा 26/11 ला दोन वर्षंही झाली नव्हती. ठाण्याहून रोज सीएसटीला उतरणारी माणसं गोळीबार झालेल्या त्याच स्टेशनातून ऑफिस गाठत होती. मुलुंडला लोकलमध्ये 2003 साली झालेला स्फोटही इथं कुणी विसरलं नव्हतं. तरीही हा सिनेमा इथल्या माणसाला हसत बघता येत होता, कारण थट्टा मेलेल्यांची नव्हती. अमेरिकेला जायला आसुसलेला कराचीचा पत्रकार, लादेनसारखा दिसणारा कोंबडीवाला नूरा आणि त्यांची बनावट टेप खरी मानून धावत सुटलेलं सरकार, असा सगळा मामला. पाकिस्तानात त्यावर बंदी आली.

या वाटेवर चॅप्लिन फार आधी चालला. हिटलरची थट्टा करणाऱ्या 'द ग्रेट डिक्टेटर'चं चित्रीकरण सप्टेंबर 1939 मध्ये, दुसरं महायुद्ध पेटताच सुरू झालं. हिटलर तेव्हा जिंकत होता. म्हणजे शत्रू पडल्यावर सुचलेली ही मस्करी नव्हे. छळछावण्यांतली खरी भीषणता ठाऊक असती तर हा सिनेमा करूच शकलो नसतो, असं चॅप्लिननं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. विनोदाची हद्द इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा कलावंत विरळाच.

अमेरिका आणि सोव्हिएत रशियाला अणुयुद्धाच्या काठावर नेणाऱ्या क्युबाच्या पेचप्रसंगानंतर, 1964 साली दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' आला. मूळ कादंबरी गंभीर होती. पण अणुयुद्धाचं तर्कशास्त्र पटकथेत मांडताना ते हास्यास्पदच दिसू लागलं, आणि कुब्रिकनं सूर बदलला. 'विच्छा माझी पुरी करा'मधल्या दरबारावर पोट धरून हसलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यातले सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष परके वाटू नयेत.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड'. आपल्याकडे तो 2002 साली 'लगान'चं ऑस्कर हिरावून नेणारा सिनेमा म्हणूनच लक्षात राहिला, आणि त्या रागात अनेकांनी तो पाहिलाच नाही. दोन सैन्यांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) आणि एक सर्ब सैनिक अडकलेत. युद्ध कुणी सुरू केलं, यावर दोघांची जुंपते. बंदूक ज्याच्या हातात, त्याच्या समोरचा निमूटपणे म्हणतो, 'आम्ही.' थोड्या वेळानं बंदूक दुसऱ्याकडे जाते आणि उत्तरही फिरतं. शेजारी तिसरा सैनिक सुरुंगावर पडलेला आहे. तो हलला की सगळे संपले. शांतिसेना येते, वार्ताहर येतात, साहेब हेलिकॉप्टरनं येतात; सुरुंग मात्र कुणालाच निकामी करता येत नाही.

दहशतवादावर याच धारेनं लिहिलेला ब्रिटिश सिनेमा म्हणजे क्रिस मॉरिसचा 'फोर लायन्स', तोही 2010 चाच. लंडनमधल्या 2005 च्या स्फोटांना पाचच वर्षं झाली होती. त्यातले चौघे दहशतवादी धांदरट आहेत, त्यांच्या प्रत्येक फजितीवर हसू येतं. पण मॅरेथॉनमध्ये सोंगं घालून ते धावतात तेव्हा बॉम्ब खरेच असतात, आणि मॉरिस शेवटी कुणालाही वाचवत नाही.