डार्करूममधील रसायने आणि आरोग्य : पार्श्वभूमी

छायाचित्रे धुण्याच्या रसायनांमुळे होणारे अपाय छायाचित्रणाइतकेच जुने आहेत. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झालेल्या दागेर यांच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरून प्रकाशसंवेदी केला जाई आणि प्रतिमा उमटावी म्हणून खाली दिव्याने तापवलेल्या पाऱ्याची वाफ त्याला दिली जाई. या वाफेला रंग नसतो, वासही नसतो. हात थरथरू लागेपर्यंत किंवा हिरड्या सुजेपर्यंत आपण विष हुंगत आहोत, याची जाणीव काम करणाऱ्याला होत नसे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची, म्हणजे इथर मिसळलेला चिकट द्राव काचेवर पसरवून चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे पारा मागे पडला, पण इथर आणि सायनाइड आले. काच ओली असतानाच सगळे उरकावे लागे. म्हणून बाहेरगावी चित्रे घेताना छायाचित्रकार लहानशा काळ्या तंबूत इथरच्या वाफेत काम करीत. प्रतिमा स्थिर करण्यासाठी हायपो (सोडियम थायोसल्फेट) उपलब्ध होता, तरी काम झटपट होते आणि काच लवकर धुतली जाते म्हणून पुष्कळ जण पोटॅशियम सायनाइड पसंत करीत. सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली बोटेही त्याच सायनाइडच्या खड्याने घासून स्वच्छ केली जात, आणि बोटाला चीर असेल तर ते विष थेट रक्तात जाण्याची वाट मोकळी असे.

जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्यावर प्रकाशसंवेदी लेप देण्याचे काम कारखान्यांकडे गेले आणि छायाचित्रकाराकडे मुख्यतः डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे द्रावण) व फिक्सर (ती स्थिर करणारे द्रावण) उरले. डेव्हलपरसाठी १८८० मध्ये हायड्रोक्विनोन आणि १८९१ मध्ये मेटॉल ही रसायने वापरात आली. धोका आता प्राणघातक राहिला नव्हता, पण तो रोजचा झाला होता. ट्रेमधला कागद उघड्या बोटांनी हलवण्याची सवय सर्वत्र होती आणि मेटॉलमुळे कित्येकांच्या हातांना इसब होई. एकदा ॲलर्जी जडली की पुढे अत्यल्प मेटॉलही पुरे, त्यामुळे काहींना हा व्यवसायच सोडावा लागे. इल्फर्ड या ब्रिटिश छायाचित्रण-साहित्य कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये गवसलेल्या फेनिडोन या डेव्हलपरच्या रसायनामुळे असा त्रास क्वचितच होतो, आणि अशा लोकांना पर्याय मिळाला तो त्यामुळेच. रंगीत छायाचित्रणाच्या डेव्हलपरमधील पॅराफेनिलिनडायअमिन वर्गातल्या रसायनांनी मात्र त्वचेचा प्रश्न पुन्हा उभा केला.

माझ्या मते, या इतिहासात रसायनांइतकाच दोष खोलीचा आहे. प्रकाश आत येऊ नये म्हणून फटी बुजवल्या की हवाही कोंडते. फिक्सरमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड, डेव्हलपरची क्रिया थांबवणाऱ्या स्टॉप बाथमधील ॲसिटिक ॲसिडची वाफ आणि रंगीत चित्र टिकाऊ करणाऱ्या स्टॅबिलायझरमधील फॉर्मल्डिहाइड तिथेच साचून राहतात. हे सर्वांत ठळकपणे दिसले ते रुग्णालयांत. एक्स-रे फिल्म धुणाऱ्या स्वयंचलित यंत्रांमुळे हात कोरडे राहिले, पण त्यांतली द्रावणे गरम असत आणि डेव्हलपरमध्ये फिल्मचा थर कठीण करण्यासाठी ग्लुटारल्डिहाइड असे, ज्यामुळे दमा होऊ शकतो. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमधील रेडिओग्राफर (एक्स-रे काढणारे कर्मचारी) डोकेदुखी, घशाची जळजळ, छातीत धडधड आणि तोंडात धातूची चव अशा तक्रारी एकत्रितपणे मांडू लागले. ‘डार्करूम डिसीज’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. तो एकच, स्वतंत्र आजार आहे का, यावर वैद्यकीय मतभेद राहिले. तरी वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या नळ्या आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था यांकडे लक्ष वेधले गेले ते या कर्मचाऱ्यांच्या चिकाटीमुळे.

डिजिटल तंत्रामुळे रुग्णालयांतील डार्करूम बहुतांशी बंद झाल्या. हौशी छायाचित्रकार मात्र आज घरच्या न्हाणीघरात प्रिंट काढतात, काही जण कलोडियनकडेही परतले आहेत, आणि त्यांच्यातले काही अजूनही सायनाइडच वापरतात.