फाइल संपीडनाची स्क्रिप्ट

संगणकावरच्या फायली दाबून लहान करणे, म्हणजे रोजच्या बोलीत ‘झिप करणे’, हे काम दर वेळी हाताने न करता ठरल्या वेळी आपोआप व्हावे म्हणून लिहिलेली चार-दहा आज्ञांची साधी मजकूर-फाइल. विंडोजवर ती बॅच फाइल किंवा पॉवरशेल (विंडोजचेच नवे आज्ञा-साधन) स्क्रिप्ट असते, लिनक्स आणि मॅकवर शेल स्क्रिप्ट. लिहायला नोटपॅड पुरतो, विकत काही घ्यावे लागत नाही आणि प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही ती वाचून काय चालले आहे ते कळते. जागा वाचते हा तिचा उघड फायदा. खरा गुण मात्र वेगळा आहे : आधी दाबणे, मग तपासणे आणि त्यानंतरच मूळ फाइल पुसणे हा क्रम एकदा नीट लिहिला की ती तो कधी मोडत नाही. हाताने काम करणारा माणूस पनवेल लोकल पकडायच्या घाईत नेमकी मधली पायरी गाळतो.

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात अशा स्क्रिप्टची गरज दोन टोकांना दिसते. एका टोकाला छोटी कार्यालये आहेत. नौपाड्यातले सनदी लेखापाल, वागळे इस्टेटमधले कारखानदार, १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराचे काम पाहणारे वाशी-बेलापूरचे कस्टम्स एजंट, या सगळ्यांकडे कागद साठत राहतो आणि तो टाकून देता येत नाही. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे हिशेबाच्या वह्या किमान ८ वर्षे जपायच्या असतात. दुसऱ्या टोकाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली ऐरोली, रबाळे, महापे इथली डेटा सेंटर्स आहेत. तिथले सर्व्हर रात्रंदिवस नोंदी लिहीत असतात आणि त्या नोंदी कोणी दाबल्या नाहीत तर डिस्क भरून यंत्रणाच अडते. दोन्हीकडचे काम एकाच जातीचे आहे, फक्त आकार वेगळा.

संपीडनामागची कल्पना सोपी आहे. जे पुन्हा पुन्हा येते ते एकदाच लिहायचे आणि पुढच्या वेळी ‘मागे इतके अंतर जा, तिथून इतकी अक्षरे घे’ एवढीच खूण ठेवायची. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली ही रीत मांडली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा संकेत आणि क्वचित येणाऱ्याला मोठा, ही डेव्हिड हफमन यांची युक्ती त्याआधीची, १९५२ ची. या दोन्ही जोडून फिल कॅट्झ यांनी ‘डिफ्लेट’ पद्धत तयार केली. १९८९ साली त्यांनी झिप हे स्वरूप आणले आणि त्याचे तपशील सर्वांसाठी खुले केले. झिप आजही कुठल्याही संगणकावर उघडते त्याचे कारण हा खुलेपणा. लिनक्सच्या आधीच्या युनिक्स या संगणक-प्रणालीवरच्या जुन्या ‘कंप्रेस’ या साधनातली पद्धत पेटंटमध्ये अडकलेली होती, म्हणून १९९२ साली जाँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी ‘जीझिप’ लिहिले. पुढे १९९९ पासून इगोर पाव्हलोव्ह यांचे ‘सेव्हन-झिप’ आले. ते फुकट आहे, आज्ञेने चालवता येते आणि विंडोजवरच्या बहुतेक घरगुती स्क्रिप्ट त्याच्यावरच उभ्या असतात.

मराठी मजकूर या पद्धतीला फार चांगला दबतो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोडचा यूटीएफ-८ हा साठवण-प्रकार इंग्रजी अक्षराला १ बाइट देतो, पण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलाही, ३ बाइट लागतात. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट. ते आकड्यांत मांडले तर असे दिसतात : २२४-१६४-१६०, २२४-१६४-१९०, २२४-१६४-१६३, २२४-१६५-१३५. प्रत्येक तिकडीचा पहिला आकडा २२४ च. दुसरा १६४ किंवा १६५, याखेरीज काही नाही. सगळी देवनागरी अशीच भरलेली असल्याने तीनातले जवळजवळ दोन बाइट आधीच ठाऊक असल्यासारखे असतात आणि डिफ्लेट ते अगदी थोड्या जागेत बसवते. गृहनिर्माण सोसायटीचे इतिवृत्त, मराठी पुस्तकाचा कच्चा मजकूर, ग्राहकांची नावे-पत्ते असलेली यादी, हे साध्या मजकुराच्या रूपात असेल तर झिप केल्यावर फरक डोळ्यांत भरतो. सर्व्हरच्या नोंदी तर याहून दबतात, कारण ओळीमागून ओळ तारीख आणि दोन-चार आकडे सोडले तर तशीच असते. त्या मूळ आकाराच्या दहाव्या हिश्श्यावर येणे नेहमीचे आहे.

उलट ज्या फायली आधीच दाबलेल्या असतात त्यांच्यावर झिपचा काही परिणाम होत नाही. जेपीईजी फोटो, एमपी-३ गाणी, व्हिडिओ आणि स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ या प्रकारात मोडतात. कार्यालयांतला सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. सरकारी पोर्टल ‘फाइल अमुक केबीच्या आत हवी’ म्हणते, कोणीतरी ‘झिप करून बघ’ म्हणून सांगतो, आणि फाइल होती तेवढीच राहते. अशा वेळी हवे असते ते चित्राचा तपशील कमी करणे. त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारे साधन स्क्रिप्टमध्ये वापरता येते. त्यातला ‘ईबुक’ हा तयार पर्याय पानावरची चित्रे इंचाला १५० ठिपक्यांवर आणतो आणि ‘स्क्रीन’ हा पर्याय ७२ वर. यात तपशील कायमचा जातो, झिपमध्ये एक बाइटही जात नाही. शिक्का पुसट असलेले बिल ७२ ठिपक्यांवर नेले की शिक्का गेलाच समजा, म्हणून मूळ स्कॅन वेगळे ठेवल्याशिवाय ही स्क्रिप्ट चालवू नये.

स्क्रिप्टची घडण एका उदाहरणावरून पाहू. वाशीतल्या कस्टम्स एजंटाच्या कार्यालयात प्रत्येक कामाचे एक फोल्डर आहे : शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, पत्रव्यवहार, एक्सेलचे तक्ते. महिना उलटला की त्या महिन्याची सगळी फोल्डरे एका झिपमध्ये जावीत आणि नेटवर्कवरच्या साठवण-डिस्कवर पोचावीत, एवढेच काम आहे. स्क्रिप्ट आधी मागच्या महिन्याचे फोल्डर शोधते. ते नसेल तर तसे लिहून तिथेच थांबते. असेल तर झिप करते, पण अंतिम नावाने नव्हे. नावाच्या शेवटी ‘अर्धवट’ असा शब्द जोडून. मग सेव्हन-झिपच्या चाचणी-आज्ञेने ती झिप आतून तपासते. चाचणी उतरली तरच ‘अर्धवट’ काढून खरे नाव देते, साठवण-डिस्कवर प्रत नेते, तिथल्या प्रतीची पुन्हा चाचणी घेते आणि मगच मूळ फोल्डर पुसते. शेवटी नोंदवहीच्या फाइलमध्ये तारीख, झिपचे नाव आणि आकार अशी एक ओळ घालते.

‘अर्धवट’ हा शब्द फालतू वाटेल, पण पावसाळ्यात वीज एकदम जाते आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते, तेव्हा त्याची किंमत कळते. वीज मध्येच गेली तर डिस्कवर तुटकी झिप राहते. तिला खरे नाव मिळालेले असेल तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटते, महिना झिप झालेला आहे. नाव ‘अर्धवट’ असेल तर पुढच्या फेरीत स्क्रिप्ट ती उडवून नव्याने सुरुवात करते.

झिप करण्याच्या आज्ञेचा निकाल वाचण्यातही एक खाच आहे. सेव्हन-झिप काम संपवताना एक आकडा मागे ठेवते : ० म्हणजे सगळे ठीक, २ म्हणजे काम फसले, आणि १ म्हणजे ताकीद. हा १ नेमका केव्हा येतो? कोणीतरी एक्सेलची फाइल उघडी ठेवून जेवायला गेलेले असते आणि ती कुलूपबंद असल्यामुळे झिपमध्ये शिरलेलीच नसते. बाकीची झिप निर्दोष असते, चाचणीतही उत्तीर्ण होते. पण त्या एका तक्त्याची प्रत कुठेच नसते. म्हणून ‘० नसेल तर काहीही पुसू नको’ ही अट स्क्रिप्टमध्ये हवीच. या अटीवाचूनची स्क्रिप्ट नसलेलीच बरी, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

विंडोजवर आणखी दोन-तीन जागी हमखास ठेच लागते. तारीख ही पहिली. बॅच फाइल संगणकाच्या प्रादेशिक मांडणीतून तारीख उचलते. भारतीय मांडणीत ती आडव्या रेघांनी येते आणि चालून जाते, पण त्याच कार्यालयातला एखादा संगणक अमेरिकी मांडणीवर असला की तारखेत तिरक्या रेघा येतात. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे एका टेबलावर चालणारी स्क्रिप्ट शेजारच्या टेबलावर बंद पडते. पॉवरशेलकडून तारीख वर्ष-महिना-दिवस अशी मागून घ्यावी. २०२४-०६-१४ असे लिहिले की फायली आपोआप कालक्रमानेही लागतात.

दुसरी ठेच देवनागरी नावांची. ‘जून हिशेब’ असे फोल्डर स्क्रिप्टला सापडत नाही, कारण आज्ञेची काळी खिडकी जुन्या अक्षरसंचावर चालत असते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला अक्षरसंच ६५००१ वर, म्हणजे यूटीएफ-८ वर, नेणारी ओळ घातली की हे सुटते. ती फाइल नोटपॅडमधून जतन करताना ‘बीओएम’ (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) नसलेला यूटीएफ-८ निवडावा, नाहीतर स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडखळते. झिपच्या तपशिलात नावे यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण ठेवायची सोय २००६ साली आली, त्यामुळे फार जुन्या साधनाने उघडलेल्या झिपमध्ये मराठी नावांऐवजी विचित्र चिन्हे दिसू शकतात. आतला मजकूर शाबूत असतो. नावात मोकळी जागा असेल तर संपूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घालणे हा नियम तर इतका जुना आहे की सगळेच तो एकदा तरी विसरतात.

आकाराच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. मूळ झिप स्वरूपात ४ जीबी हून मोठी फाइल किंवा ६५,५३५ हून अधिक फायली मावत नाहीत. ‘झिप-६४’ या विस्ताराने ती अडचण गेली. पॉवरशेलच्या पाचव्या आवृत्तीपासून आलेली झिप करण्याची आज्ञा मात्र २ जीबी वरच्या एकेका फाइलला हात लावत नाही, तिथे सेव्हन-झिपकडे वळावे लागते.

स्क्रिप्ट वेळेवर चालवण्याचे काम विंडोजमध्ये टास्क शेड्युलर करतो. रात्री २ ची वेळ लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण छोट्या कार्यालयात संध्याकाळी मेन स्विचच बंद केला जातो. दुपारी दीडची, डबा खायची वेळ जास्त भरवशाची; एक्सेल तेवढे बंद करायला लावावे. वेळ हुकली तर संगणक सुरू होताच काम करावे असा पर्याय त्यातच आहे, तो निवडावा. स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमधून सुरू होणार तेही तिथेच लिहावे लागते. ते रिकामे ठेवले तर ती विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधून सुरू होते आणि तिला आपली एकही फाइल सापडत नाही.

लिनक्सवर हेच काम ‘क्रॉन’ करतो. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत तो होता, आणि फायली एका गाठोड्यात बांधणारे ‘टार’ही त्याच आवृत्तीतले. टार बांधते आणि जीझिप दाबते, अशी तिथे कामाची वाटणी आहे. जीझिप मूळ फाइल ठेवत नाही, तिच्या जागी दाबलेली फाइल ठेवते. मूळ हवी असेल तर तसे सांगावे लागते. नोंदींच्या फायलींसाठी ‘लॉगरोटेट’ हे तयार साधन आहे. त्यातला उशिरा दाबण्याचा पर्याय महत्त्वाचा, कारण कालच्या नोंदीची फाइल चालू प्रोग्रामने अजून धरून ठेवलेली असू शकते. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन तिथे ओळ तोडतो. तारीख काढणाऱ्या आज्ञेत ते चिन्ह असतेच, त्यामुळे हाताने नीट चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये गप्प बसते. त्याच्यापुढे उलटी तिरकी रेघ दिली की चालते. घड्याळाचाही घोळ होतो. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ‘रात्री २’ लिहिलेले काम इथे सकाळी साडेसातला सुरू होते आणि मोठे असेल तर कार्यालय उघडेपर्यंत सर्व्हरला धाप लागलेली असते.

ग्राहकांचे पॅन, बँकेचे तपशील अशा फायली झिप करताना परवलीचा शब्द लावावा. झिपची जुनी कुलूपपद्धत कमकुवत आहे, म्हणून सेव्हन-झिपमधली ‘एईएस’ ही २५६ बिटांची भक्कम कुलूपपद्धत निवडावी. परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्येच उघडा लिहिला तर स्क्रिप्ट वाचणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. तो वेगळ्या, मोजक्यांनाच उघडता येईल अशा फाइलमध्ये असावा आणि कार्यालयातल्या किमान दोघांना ठाऊक असावा. एकट्याला ठाऊक असलेला शब्द तो माणूस नोकरी सोडून गेला की झिपसह हरवतो.

त्याच डिस्कवर ठेवलेली झिप ही बॅकअप नव्हे, डिस्क गेली की दोन्ही जातात. आणि चाचणी उतरलेली झिपही महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहायची असते. कुठलीही एक झिप घ्यावी, रिकाम्या फोल्डरमध्ये सोडवावी, त्यातले एखादे शिपिंग बिल आणि एखादा एक्सेलचा तक्ता प्रत्यक्ष उघडावा, शेवटच्या ओळीपर्यंत खाली जावे आणि नोंदवहीत त्या तारखेपुढे आपले नाव लिहावे.