क्वायरचे चार आवाज आणि सॅक्सोफोनचे पाच: दिसायला सारखे, चालायला वेगळे

चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, स्तोत्रसंग्रहाचं एक पान आणि बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या, सॅक्सोफोनांचं एक पान शेजारी ठेवा. दोन्हीकडे वर चाल, खाली तिला धरून जाणारे आवाज, प्रत्येक स्वराखाली एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. म्हणून स्तोत्रगीत जॅझ वाद्यवृंदासाठी बसवायला घेतलेला माणूस क्वायरच्या चार आवाजांतली सगळ्यात वरची, सोप्रानोची ओळ पहिल्या आल्टो सॅक्सला देतो, आल्टोची दुसऱ्याला, टेनरची टेनर सॅक्सला, बासची बॅरिटोनला. ड्रमवाल्याच्या पानावर ‘स्विंग’ (जॅझची झोकदार लय) लिहितो आणि तालीम लावतो. वाजतं ते जड, रेटून चालवल्यासारखं. वादक कितीही चांगले असले तरी ते तसंच वाजणार, कारण चूक कागदावर झालेली असते.

उदाहरणाला ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल घेऊ. 1551 च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली ही चाल संगीतकार लुई बुर्ज्वाच्या नावावर आहे. तिथे ती बायबलमधल्या 134 व्या स्तोत्राला होती. इंग्रजांनी ती 100 व्या स्तोत्राला लावली आणि तेच नाव चिकटलं. चार ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरं, एका अक्षराला एक स्वर. पहिली ओळ सारेगममध्ये सा सा नि ध प सा रे ग, त्यातले नि, ध, प हे खालच्या सप्तकातले.

चार आवाजांच्या स्तोत्रलेखनात प्रत्येक आवाज ही स्वतंत्र चाल असते. सोप्रानो खाली येते तेव्हा बास शक्यतो वर जातो. दोन आवाज एकमेकांपासून पंचमाच्या किंवा सप्तकाच्या अंतरावर राहून एकाच दिशेने सरकले तर ते चूक मानतात, कारण तसे दोन आवाज कानात एकमेकांत विरघळतात आणि चाराचे तीन ऐकू येतात. कॉर्ड साधे, त्रिस्वरी. चौथ्या आवाजाला बहुतेक वेळा मूळ स्वरच पुन्हा दिलेला. आल्टोच्या बाईंना आपली ओळ एकटीने गुणगुणता आली पाहिजे, ही खरी कसोटी.

सॅक्स विभागाच्या ब्लॉक, म्हणजे गठ्ठ्याच्या, लेखनात यातलं जवळजवळ सगळं फिरतं. चाल एकच, पहिल्या आल्टोची. बाकीचे चौघे तिच्या सावल्या. ती वर गेली की सगळे वर, ती खाली आली की सगळे खाली. जे समांतर सरकणं स्तोत्रात टाळायचं, तेच इथे हवं असतं, कारण पाच वाद्यांनी मिळून एक जाड, एकजीव चाल वाजवायची असते. कॉर्ड सहाव्या किंवा सातव्या स्वरासकट चारस्वरी. मूळ स्वर पुष्कळदा गाळलेला, तो कॉन्ट्राबास वाजवतोच. बॅरिटोन सॅक्स पहिल्या आल्टोचीच ओळ एक सप्तक खाली धरतो. म्हणजे बॅरिटोन हा इथे ‘बास’ नव्हेच, आणि सगळ्यात जास्त गैरसमज नेमका याच ठिकाणी होतो.

पहिली ओळ बी-फ्लॅट मेजरमध्ये, वरून खाली, आल्टो, आल्टो, टेनर, टेनर, बॅरिटोन अशी लिहून पाहा. बी-फ्लॅटखाली: जी, एफ, डी, बी-फ्लॅट. पुढच्या ए या स्वराखाली: जी, ई-फ्लॅट, सी, ए. मग जीखाली: एफ, डी, बी-फ्लॅट, जी. मग एफखाली: डी, सी, ए, एफ. पुन्हा बी-फ्लॅट पहिल्यासारखाच. सीखाली: ए, जी, ई-फ्लॅट, सी. शेवटच्या डीखाली: बी-फ्लॅट, जी, एफ, डी. कॉर्ड झाले बी-फ्लॅट 6, एफ 9, जी मायनर 7, डी मायनर 7, बी-फ्लॅट 6, एफ 9, बी-फ्लॅट 6. दुसऱ्या टेनरची ओळ एकटी वाजवून पाहिली तर तिला स्वतःचं असं काही म्हणणं नसतं. इथे ते ठीकच आहे.

पहिल्याच कॉर्डमध्ये मेजर 7 घ्यायचा मोह होतो, कारण तो जास्त ‘जॅझ’ वाटतो. पण चाल षड्जावर असताना त्याच्या लगेच खाली ए आला तर वरच्या दोन वाद्यांत अर्ध्या स्वराचं घर्षण होतं आणि चालच झाकोळते. म्हणून तिथे सहावा स्वर. चाल उंच चढली की हा घट्ट गठ्ठा टोचायला लागतो. तेव्हा वरून दुसरा स्वर उचलून सप्तकभर खाली बॅरिटोनला द्या, आणि चालीची खालची जोड दुसऱ्या टेनरकडे. वरच्या डीसाठी मग डी, जी, एफ, डी, बी-फ्लॅट असं होतं. उलट, मधल्या सीच्या वरच्या एफपेक्षा चाल खाली गेली तर गठ्ठा गढूळ होतो. तिथे हार्मनी सोडा, पाचही जण एकसुरात वाजवू द्या.

यावरूनच पट्टी ठरते. सॅक्स आणि ट्रम्पेटच्या पानावर लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष वाजणारा स्वर वेगळे असतात, म्हणून मूळ जी मेजर ठेवला तर आल्टो सॅक्सला चार शार्प आणि ट्रम्पेटला तीन शार्प पडतात. क्वायरसाठी एफ घ्या: चाल मधल्या सीपासून वरच्या सीपर्यंत, सगळ्यांना झेपणारी. पण त्याच एफमध्ये सॅक्सचा गठ्ठा फार खाली बसतो. म्हणून वाद्यांचं कडवं बी-फ्लॅटमध्ये न्या. चाल एफ ते एफ होते, ट्रम्पेट आणि टेनरच्या पानावर सी मेजर येतो, आल्टो आणि बॅरिटोनच्या पानावर जी मेजर.

उलटी चूक क्वायरला जास्त महाग पडते. सॅक्सचा गठ्ठा जसाच्या तसा गायकांना दिला की आल्टो आणि टेनरना आधार नसलेले सातवे-नववे स्वर हवेतून पकडावे लागतात. सॅक्सवाल्याला बोटं ठेवायला किल्ली असते, गायकाला फक्त कान. शिवाय चार जवळजवळचे स्वर एकाच स्वरवर्णावर गायले की शब्द पुसले जातात, आणि स्तोत्रगीतात शब्द गेले तर काय उरलं? मराठी शब्द असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळा: बीटच्या (ठोक्याच्या) आधी उचललेला स्वर ऱ्हस्व अक्षरावर टाकू नका, दीर्घ अक्षरावर टाका. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली, पाश्चात्त्य चालीवर बसवलेली गीतं घेताना हे आधीच तपासावं.

क्वायर चार आवाजांत गात असेल तेव्हा सॅक्सचा गठ्ठा बंद. कॉन्ट्राबासने चालता बास, म्हणजे दर बीटला नवा स्वर, वाजवू नये. क्वायरच्या बासचीच ओळ दोन बीटना एक स्वर अशी धरावी. नाहीतर क्वायरचा बास कॉर्डचा तिसरा स्वर गातोय आणि त्याच्या खाली वाद्य मूळ स्वर वाजवतंय, असं होतं. इतक्या खालच्या स्वरांत ते अंतर घोगरं लागतं आणि क्वायरच्या बासची सुंदर उतरण ऐकूच येत नाही. पियानोवाल्याच्या पानावर नुसती कॉर्डची नावं न देता क्वायरचे चार आवाजच छापा. नाव दिसलं की तो सवयीने नववा स्वर घालणारच.

चार बीटचा एक बार आणि प्रत्येक अक्षर दोन बीट धरलं तर ओळ चार बारची, चाल सोळा बारची होते. कागदावर नीट दिसतं, पण श्वासाला जागा नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत क्वायर दमतो. दर ओळीनंतर एक बार वाढवून वीस बार करा. ब्रासची, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची, उत्तरं त्या पाचव्या बारमध्येच येऊ द्या. चार ट्रम्पेट आणि चार ट्रॉम्बोन शब्दांवर पूर्ण ताकदीने आले तर साठ जणांचा क्वायरही बुडतो. शब्दांखाली ब्रास हवाच असेल तर कप म्यूट (आवाज दाबणारी टोपी) लावलेले ट्रॉम्बोन, लांब स्वर, एवढंच.

अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा पहिला पवित्र संगीताचा कार्यक्रम 16 सप्टेंबर 1965 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये झाला. देवळात क्वायर आणि बिग बँड एकत्र उभे करण्याचा तो मोठा दाखला. आपल्याकडे चर्चच्या आणि जॅझच्या संगीताच्या दोन्ही भाषा जाणणारी माणसं गोव्यातून आली. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेले गोंयकार वादक मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि तिथून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले.

शेवटच्या कडव्यात दोन्ही लेखनं एकत्र आणायची असतील तर क्वायरने चार आवाज सोडून एकसुरात चाल गावी. मग वाद्यांना कॉर्ड बदलायची मोकळीक मिळते, कारण भांडायला दुसरे तीन आवाजच नाहीत. बी-फ्लॅटमधून एफमध्ये परतताना दोन बार सी 9 सस ठेवा: तळाला सी, वर बी-फ्लॅट, डी, एफ, जी. क्वायरचा पहिला स्वर एफ त्याच कॉर्डमध्ये बसलेला आहे. तो पहिल्या ट्रॉम्बोनला म्यूटशिवाय द्या आणि शेवटच्या दोन बीटना बाकीचा ब्रास थांबवा, म्हणजे क्वायरला आपला स्वर स्पष्ट ऐकू येईल.