रुंद टायरचा नाद

नवी मोटारसायकल घेतली की वर्षाच्या आत मागचा टायर एक नंबर मोठा टाकायचा, हा कोल्हापूरच्या पोरांचा जुना शिरस्ता. मागून गाडी भरलेली दिसते, यात वाद नाही. पण ‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे जे सोबत सांगितलं जातं, तिथं भौतिकशास्त्र आडवं येतं.

गाडी रस्त्यावर किती जागेत टेकते ते आधी बघू. गाडी आणि चालवणारा मिळून सव्वादोनशे किलो धरा. टायरमध्ये 29 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम दोन किलोचा दाब. भागाकार केला की दोन्ही चाकांची मिळून साधारण 110 चौरस सेंटिमीटर जागा निघते. एका चाकाच्या वाट्याला तळहाताएवढीसुद्धा नाही. आता टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ही जागा फारशी वाढत नाही, फक्त तिचा आकार बदलतो. लांबट होती ती आखूड आणि आडवी होते.

खरी परीक्षा वळणावर. गगनबावडा सोडून करूळ घाट उतरताना 25 मीटर त्रिज्येचं एखादं वळण 40 च्या वेगानं घेतलं, तर गाडी सुमारे 27 अंश कलवावी लागते आणि घर्षणांक, म्हणजे टायर-रस्त्यातल्या पकडीचं माप, किमान 0.5 लागतो. तेच वळण 50 नं घेतलं तर कल 38 अंशांवर जातो आणि घर्षणांक 0.79 लागतो. वेग दहानं वाढला, मागणी दीडपटीच्या वर गेली, कारण इथं वेगाचा वर्ग मोजला जातो. गाडीचं वजन या गणितात कुठंच नाही. बुलेट असो की मोपेड, आकडे तेच. चांगल्या कोरड्या डांबरावर 0.8 च्या आसपास घर्षणांक मिळतो, म्हणून 50 ला निभावतं, तेही काठावर. ओल्या रस्त्यावर तो बराच खाली येतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून रस्त्यावर आणलेली काळी माती पहाटेच्या दवानं भिजलेली असेल, तर कोणत्याही टायरवर भिस्त ठेवू नये.

रबराची पकड दोन गोष्टींतून येते. एक म्हणजे रबर आणि रस्ता यांचं अगदी जवळून चिकटणं. दुसरी म्हणजे खडीच्या टोकांवर रबर दबतं आणि सावकाश पूर्ववत होतं, त्यात खर्ची पडणारी ऊर्जा. पाण्याचा पातळ थर आला की पहिली गोष्ट ढासळते. दुसरी बरीचशी टिकून राहते. म्हणून पावसाळ्यात नक्षीपेक्षा रबराचं मिश्रण जास्त महत्त्वाचं, असं माझं मत. नक्षीच्या खाचा पाणी बाजूला सारतात, त्या हव्यातच. पण मोटारसायकलचा गोल टायर पाणी कापत जातो, त्यामुळे घाटातल्या वेगाला तो पाण्यावर तरंगण्याची भीती कमी असते. मिश्रणात सिलिका असेल तर ओल्यात पकड सुधारते. मऊ रबर चिकटतं पण लवकर झिजतं. यावर तोड म्हणून मधे कडक आणि कडेला मऊ रबर असलेले टायर मिळतात. रोज कागल एमआयडीसीला ये-जा आणि रविवारी घाट, असा ज्याचा बेत त्याला तेच सोयीचे.

आता मूळ मुद्दा, रिम. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ जाताना मधली चिंचोळी पट्टीच टेकते, कडेचं रबर वापरातच येत नाही, आणि कलवताना गाडी कंपनीनं ठरवलेल्या ढंगानं वागत नाही. शिवाय 130/70-17 या मापाच्या टायरच्या जागी 140/70-17 टाकला (या आकड्यांचा अर्थ पुढे येतोच) की चाकाचा व्यास 14 मिलिमीटरनं वाढतो, म्हणजे मागची बाजू 7 मिलिमीटर वर. चेन कव्हरला टायर घासतो तो वेगळाच. इतका खटाटोप करून पदरात काय पडतं, तर मागून दिसणारी शोभा.

रुंदी सोडा, झीज बघा. महामार्गावर सरळ पळणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध चपटा होतो. अशी गाडी वळणाच्या सुरुवातीला कलायला नकार देते, मग चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम आत पडते. हँडलवर हा झटका स्पष्ट कळतो. नक्षी शिल्लक दिसते म्हणून टायर चांगला, असं तेव्हा म्हणता येत नाही.

दुकानात गेलात की टायरची बाजू वाचा. 130/70-17 62P यात 130 ही मिलिमीटरमधली रुंदी, 70 म्हणजे उंची रुंदीच्या सत्तर टक्के, 17 हा रिमचा इंचांतला व्यास. 62 म्हणजे 265 किलो भार पेलण्याची क्षमता आणि P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. फिरण्याच्या दिशेचा बाण पंक्चर काढल्यावर उलटा बसलेला मी कित्येक गाड्यांवर पाहिलाय, तेव्हा तोही तपासा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी बेतानं कलवा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि आपण हवा कमी भरतो.

शेवटी चार अंकी आकडा शोधा. 2324 असेल तर टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर कपाटात पडूनही कडक होत जातं, म्हणून शेवटचे दोन अंक चार-पाच वर्षं जुने निघाले, तर दुकानदार कितीही सूट देवो, दुसरा काढून दाखवायला सांगा.