भरतीच्या पाण्याने मिटणारं दार

परवा एका भूखंडाच्या जाहिरातीत गोव्यातल्या खाजणाला ‘पडीक’ म्हटलेलं वाचलं आणि दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. ओहोटीच्या वेळी चोडण बेटाच्या बांधावर उभं राहावं. एका हाताला मांडवीचा चिखल आणि तिवरांची रांग, दुसऱ्या हाताला भाताचं हिरवं शेत. भरतीच्या वेळी नदीचं पाणी या शेताहून उंच असतं, तरी शेत कोरडं राहतं. पडीक जमिनीला हे जमत नाही.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून कसलेली. अशी जमीन गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर आहे, म्हणजे राज्याच्या 3,702 चौरस किलोमीटरपैकी जवळजवळ 5 टक्के. हा शब्दही जुना आहे. सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटात ‘खज्जन’ येतो, खारं पाणी अडवून शेत करण्याच्या संदर्भात.

या सगळ्याचा जीव आहे मानशीत. मानस म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार. रायगडच्या खारभूमीत त्याला उघाडी म्हणतात. फळी वरच्या कडेला टांगलेली, खालून मोकळी. ती फक्त नदीकडे उघडते. नदीकडून ढकलली तर चौकटीवर घट्ट बसते. मोटर नाही, माणूस नाही. तरी दिवसातून दोनदा ती आपोआप मिटते आणि दोनदा उघडते.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे शाळेत झालेलं असतं. पाणी उंच झालं की दोन गोष्टी एकदम घडतात : फळीचा जास्त भाग पाण्याखाली जातो आणि तळाशी दाबही वाढतो. म्हणून एकूण बल उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एक मीटर रुंदीच्या फळीवर ते साधारण 500 गुणिले उंचीचा वर्ग इतक्या किलो वजनाएवढं असतं, उंची मीटरमध्ये. आता आत 40 सेंटिमीटर पाणी आहे असं धरू. बाहेर 50 सेंटिमीटर झालं, की दोन्हींचा फरक 500 गुणिले (0.25 वजा 0.16), म्हणजे 45 किलो. बाहेर एक मीटर झालं, की 500 गुणिले (1 वजा 0.16), म्हणजे 420 किलो. बाहेरची पातळी दुप्पट झाली आणि दार दाबणारं बल नऊपटींहून जास्त वाढलं! भरती जितकी मोठी, तितकं दार घट्ट. ओहोटीला पाणी उतरलं की फरक उलटा होतो, आतलं पाणी फळी ढकलून बाहेर पडतं. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं असतात; निचऱ्याला त्यातले काहीच तास मिळतात. भर पावसात मोठी भरती आली तर दार बंद आणि वरून पाणी, अशी कोंडी होते. त्यासाठी मानशीच्या आतल्या बाजूला खोल तळं राखलेलं असतं, त्याला पोंय म्हणतात. पाणी तिथे थांबतं, ओहोटी लागली की निघून जातं.

या निचऱ्यामुळेच भात पिकतं. जूनच्या पहिल्या सरी मातीतलं मीठ विरघळवतात आणि ते मानशीतून नदीत जातं. तरीही थोडं मीठ राहतंच, म्हणून इथे कोरगूट हा खारं सोसणारा भात लावतात. कापणीनंतर दार मुद्दाम उघडं ठेवून खारं पाणी आत घेतात. त्याबरोबर कोळंबी आणि शेवटे, काळुंद्र हे मासे येतात. केरळात अशाच जमिनीत होणाऱ्या पोक्कळी भातातून ‘साल्टॉल’ नावाचा जनुकीय पट्टा मिळाला. तो पहिल्या गुणसूत्रावर असतो आणि रोपातलं सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण सांभाळायला मदत करतो. आज तो इतर भातांत संकराने आणला जातो. शेती थांबली असती, तर हे बियाणंही गेलं असतं.

बांधाला राखणदार आहे अशी गावोगावी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेमागची बांधाबद्दलची ओढ मला खरी वाटते. पण खेकड्याने पोखरलेलं बीळ नारळाने बुजत नाही, त्याला चिखलच लागतो. आणि पूर्वजांना सगळं विज्ञान आधीच ठाऊक होतं, हा अभिमानही मला पटत नाही. त्यांनी बांध फुटताना पाहिले, पुन्हा घातले, दार वर-खाली करून पाहिलं. त्यांचं मोठेपण त्या चिकाटीत आहे.

पूर्वी हे काम गावकरी या गावाची जमीन सामायिक राखणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या कोमुनिदादीकडे असे. 1976 मध्ये कूळकायद्यातल्या दुरुस्तीने कुळांना मालकी मिळाली. ते न्यायाचंच झालं, पण बांधाची सामायिक जबाबदारी सैल पडली. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसे देऊ लागला, तशी दारं अवेळी उघडी राहू लागली. एका ठिकाणी बांधाला खांड पडली की खारं पाणी साऱ्यांच्या शेतात जातं; एकट्याने आपलं शेत वाचवता येत नाही.

म्हणून नुसती बंदी पुरत नाही. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाजणात विकासकामांना मनाई केली, पण अधिसूचनेने बांध फुटायचा राहत नाही. नुसता वारशाचा दर्जाही पुरत नाही. युनेस्कोने 1992 पासून सांस्कृतिक भूदृश्य, म्हणजे माणूस आणि निसर्गाने मिळून घडवलेली जमीन, हा वारशाचा वेगळा प्रकार मानला. फिलिपिन्समधल्या इफुगावच्या भाताच्या पायऱ्या 1995 मध्ये वारसा यादीत आल्या आणि 2001 मध्ये धोक्याच्या यादीत गेल्या, कारण तरुण शेती सोडून जात होते आणि पायऱ्या ढासळत होत्या. त्या धोक्याच्या यादीतून बाहेर यायला 2012 उजाडलं. केरळातल्या कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या शेतीला 2013 मध्ये जागतिक कृषी-वारशाचा दर्जा मिळाला. गोव्यातही कोरगुटाला चांगला भाव, कोळंबीत शेतकऱ्याचा वाटा आणि बांध-दुरुस्तीची गावातच मिळणारी मजुरी, हे तिन्ही एकत्र जुळलं तर खाजण स्वतःचा खर्च काढू शकेल. शिवाय पावसाचं पाणी पोटात घेऊन ते आजूबाजूची घरंही वाचवतं. त्याचं मोल पंचायतीच्या हिशेबात कुठेच येत नाही.

बांधाची डागडुजी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी करावी लागते. कमरेएवढ्या चिखलात उतरून, ओले गोळे हातानेच थापत. ती मजुरी कोणत्या खात्यातून द्यायची, हे आधी ठरायला हवं.