फुलायचं कधी, हे पाऊस ठरवतो

सह्याद्रीतली रानफुलं म्हटली की सगळ्यांना सप्टेंबरातलं कासचं पठार आठवतं. फेब्रुवारी-मार्चात कोंदिवड्याहून राजमाचीला चढणाऱ्या वाटेवर गर्दी नसते. गवत वाळलेलं, ओढे आटलेले, ऊन सकाळीच चटके देणारं. आणि काटेसावर, पांगारा, पळस, धायटी फुलतात ती नेमकी तेव्हाच. पाण्याचा टिपूस नसताना हा थाट परवडतो कसा?

पहिलं उत्तर पानगळीत आहे. झाडाने शोषलेलं बहुतेक पाणी पानांवाटेच हवेत जातं. पानं झडली की ही गळती थांबते, मुळं मात्र खोलवरच्या ओलीतून पाणी ओढत राहतात आणि सुकत आलेल्या खोडात ते पुन्हा साठतं. कोस्टारिकातल्या शुष्क जंगलात १९८०च्या दशकात खोडांचा घेर मोजत राहून हे दाखवलं गेलं. कित्येक झाडांची खोडं पानगळीनंतर, पावसाचा थेंबही न पडता, फुगली आणि मग बहर आला.

दुसरं उत्तर परागकण वाहून नेणाऱ्या पाहुण्यांचं. मधमाश्यांना लाल रंग धड दिसत नाही, पक्ष्यांना उत्तम दिसतो, त्यात मध्ये पानांचा अडसर नाही. सकाळी फुललेल्या सावरीखाली जरा थांबलात तर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांचा नुसता कल्ला ऐकू येतो. भोरड्यांचे थवेही असतात; एप्रिलात मध्य आशियाकडे परतण्याआधी त्या इथेच ताव मारतात. साळुंकी-भोरडीच्या कुळातल्या ज्या पक्ष्यांची तपासणी झाली, त्यांना आपल्या चहातली साखर, म्हणजे सुक्रोज, पचत नाही. ती फोडणारं विकरच (एन्झाइम) त्यांच्या आतड्यात नसतं. पांगाऱ्याच्या ज्या जातींवर असे पक्षी येतात, त्यांच्या मकरंदात सुक्रोज कमी आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर असतं. शिवाय हा मकरंद पातळ, त्यामुळे भुकेबरोबर तहानही भागते.

पण मला सगळ्यात वजनदार वाटतं ते तिसरं कारण: बी. सावरीची बोंडं उन्हाळ्यात तडकतात आणि कापसासोबत बिया उडतात. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी. तीही वाऱ्यावरच निघते. जमिनीवर पडल्यावर थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस येतो आणि रोपाला अख्खा पावसाळा मिळतो. हेच बी दिवाळीत पडलं असतं, तर कोवळं रोप उन्हाळ्यापर्यंत तगणं कठीण. फुलापासून पिकल्या बीपर्यंतचे महिने जूनमधून मागे मोजा, शिमग्याच्या आसपासच येऊन पोचाल. करवंदीचाही हिशोब तसाच. आता पांढरी सुवासिक फुलं, मे महिन्यात काळी मैना.

वाटेच्या कडेची धायटी ओळखायला सोपी: लांब, वाकलेल्या फांद्या आणि त्यांना चिकटलेल्या लाल नळ्यांचे झुबके. या नळ्या पाकळ्यांच्या नव्हेत, निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाच्या. फूल सरल्यावरही त्या टिकतात, म्हणून झुडूप बरेच दिवस लालच दिसतं. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवताना हीच फुलं घालतात.

अंजनी मात्र या हिशोबात नीट बसत नाही. माथेरान-महाबळेश्वरच्या वाटांवर ती याच सुमारास फुलते, पण तिची पानं झडत नाहीत. ती सदाहरित. रंगही लाल नाही, निळा-जांभळा, आणि फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर, पानांच्या खाली. तिथे पक्ष्यांची वर्दळ शोधू नका. मधमाश्यांची गुणगुण ऐका.