कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात आयएसओ किती ठेवावा?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लग्नाचे किंवा तान्ह्या पोळ्याचे फोटो घेऊन आमच्या सीताबर्डीच्या दुकानात येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: फोटो हलले. कॅमेरा सहसा ठीकच असतो, चुकलेला असतो तो आयएसओ, म्हणजे आलेला प्रकाश कॅमेऱ्याने किती वाढवून घ्यायचा तो आकडा.

आयएसओचा आकडा दुप्पट केला की तेवढाच उजळ फोटो निम्म्या वेळात निघतो. लॉनमध्ये संध्याकाळी आयएसओ १०० वर शटर समजा १/८ सेकंद उघडं राहत असेल, तर ८०० वर ते साधारण १/६० वर येतं. १/८ सेकंदात नवरी मान वळवते आणि चेहरा पुसला जातो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल ते थांबवू शकत नाही. लाकडी नंदी ओढत पळणाऱ्या पोरांसाठी तर १/१२५ तरी हवं.

आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. आला तेवढाच सिग्नल वाढवला जातो, त्यासोबत दाणे, म्हणजे फोटोतले बारीक ठिपकेही वाढतात. बहुतेक कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, म्हणून दाणे लवकर दिसतात. ४०० पर्यंत बिनधास्त जा, ८०० चालतं, १६०० नाइलाज असेल तेव्हाच. मेनूत ३२०० किंवा ६४०० दिसलं तरी आम्ही ते सुचवणार नाही. पण दाणे आणि हललेला फोटो यांतून एक निवडायचं असेल तर दाणे निवडा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं की दिसणारे दाणे चार बाय सहाच्या प्रिंटमध्ये फारसे जाणवत नाहीत. हललेला चेहरा मात्र नीट करून देणं आमच्याही हातात नाही.

झूमकडेही लक्ष असू द्या. ज्या लेन्सवर एफ ३.३ ते ५.९ लिहिलंय (एफचा आकडा मोठा, तेवढं लेन्सचं तोंड लहान), ती पूर्ण झूमवर बिनझूमच्या एक तृतीयांशाहूनही कमी प्रकाश आत घेते. पेंचला पहाटेच्या सफारीत लांबच्या चितळाचा फोटो म्हणूनच हलतो. तिथे ८०० लावा, आणि जमेल तेवढी जिप्सी जवळ जाऊ द्या, झूम कमी करा. लग्नात मागे बसून फ्लॅश मारू नका, तो स्टेजपर्यंत पोचत नाही.

दुपारी दीक्षाभूमीवर १०० पुरे. तिथला पांढरा स्तूप फोटोत करडा येतो, म्हणून काही जण आयएसओ वाढवतात. ऑटो एक्स्पोजरमध्ये, म्हणजे उजेड कॅमेराच ठरवतो तेव्हा, त्याने फोटो उजळत नाही, कॅमेरा शटर तेवढं जलद करतो. त्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक ०.७ किंवा अधिक १ करा.

सेटिंग असं: पूर्ण ऑटोमध्ये अनेक मॉडेलांत आयएसओ बदलताच येत नाही. मोड ‘पी’ वर न्या, मग फंक्शन किंवा मेनूचं बटण दाबून आयएसओ निवडा. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ठरवायची सोय असेल तर ती ८०० वर ठेवा. लग्न आटोपलं की आकडा परत १०० वर किंवा ऑटोवर आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे उन्हातले फोटोही विनाकारण दाणेदार येतील.

मेनू सापडला नाही तर कॅमेरा चार्ज करून दुकानात घेऊन या. सेटिंग समोर बसून करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.